शक्तिमानचं माहेरपण

शक्तिमान घरी आला त्या दिवशी फाटकाचा डावा खांब पाडावा लागला. मुरलीधर डेहणकरांनी रिछाईच्या भंगारवाल्याकडे जाऊन ट्रकची लांबी-रुंदी तीनदा मोजली होती. स्वतःच्या फाटकाची मोजायची तेवढी राहून गेली. चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाच्या हातून ही चूक व्हावी याचं बेबीताईंना इतकं हसू आलं, की खांब पडत असताना त्या नवऱ्यावर रागवायच्याच विसरल्या. नंतर आठवण झाली तेव्हा मात्र चांगले दोन दिवस रागावून घेतलं.

"सत्तरीला टेकले तुमी. या वयात लोक तुळशीला पाणी घालतात. तुमी काहून हे धूड आणून ठेवलं दारात?"

"धूड नको म्हणू. माहेरपणाला आली आहे ती," मुरलीधरराव म्हणाले.

लोक ट्रक म्हणत, पण मुरलीधररावांच्या तोंडी ती कायम गाडी, आणि गाडी म्हटली की बाईमाणूस. जबलपूरच्या गाड्यांच्या सरकारी कारखान्यात, ज्याला गावात नुसतं 'व्हीकल' म्हणतात, त्यांनी फौजेसाठीच्या या शक्तिमान गाड्या शेकड्यांनी हाताखालून काढल्या. गेटबाहेर गेलेली गाडी पुन्हा कधी दिसायची नाही. लेकी सासरी धाडाव्या तशा धाडल्या, एकीचंही माहेरपण केलं नाही, असं ते पाहुण्यारावळ्यांत हसत सांगायचे. मग निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांनी, लॉकडाउन उठलं त्या वर्षी, रिछाईत त्यांना ही दिसली. फौजेतून लिलावात निघालेली, मग कुठल्याशा खदानीत दगड वाहून खंगलेली. टायर गेलेले, डाल्याच्या, म्हणजे मागच्या हौद्याच्या, फळ्या वाळवीनं खाल्लेल्या आणि बॉनेटच्या फटीतून हातभर पिंपळ वर आलेला. मुरलीधररावांनी आधी तो पिंपळ मुळासकट काढून कुंडीत लावला, आणि मग गाडीला हात घातला. बेबीताई म्हणाल्या, चला, सुरुवात तरी झाडापासून झाली.

या कामात त्यांचा जोडीदार एकच, लखनलाल कोष्टा. कारखान्यात दोघं एकाच शॉपला, म्हणजे एकाच विभागात, एकाच टेबलावर. चेरीतालहून सकाळी नऊच्या ठोक्याला लखनची स्कूटर यायची, जणू अजून हजेरी लागत होती. लखनचा कान साऱ्या शॉपमध्ये प्रसिद्ध होता. लांब पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, "चार नंबर. वॉल्व." उघडून पाहावं तर चार नंबरच. मुरलीधररावांचे कान कारखान्याच्या ठोकाठोकीनं केव्हाच अधू झाले होते. कानाचं मशीन लावल्याशिवाय त्यांना बायकोचं बोलणं ऐकू येत नसे, आणि कधीकधी लावूनही येत नसे. "माझा कान चेरीतालला राहतो," ते म्हणायचे.

बेबीताई मूळच्या आर्वीच्या. लग्न होऊन जबलपूरला आल्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण भाजीवाला आणि गॅसवाला सोडले तर त्या कुणाशी हिंदी बोलल्या नाहीत. येत नव्हती असं नाही. घरात आणि घरी येणाऱ्याशी मराठीच, हा त्यांचा हट्ट. लखनभाऊजी हिंदीत विचारायचे, बेबीताई मराठीत सांगायच्या. दोघांनाही दुसऱ्याचं सगळं कळायचं आणि दोघांनीही आपली भाषा सोडली नाही. चाळीस वर्षं हा व्यवहार चालला, त्यात कुणाचं काही अडलं नाही.

अडीच वर्षं गाडीचं काम चाललं. बेबीताईंच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून अंगणात गेल्या आणि त्यांत रॉकेलात बुडवलेले नट-बोल्ट मुरू लागले. गंजून बसलेलं इंजिन सुटावं म्हणून सिलिंडरमध्ये डिझेल घालून दोघं अकरा दिवस नुसते वाट पाहत बसले. रोज सकाळी एकदा हलवून बघायचं आणि चहा प्यायचा. बाराव्या दिवशी ते फिरलं तेव्हा मुरलीधररावांनी लखनला मिठीच मारली. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे काळे झाले, ते सगळे बेबीताईंनी धुऊन दिले. तोंडानं त्यांची कुरकुर चालू असायची, पण दोन्ही सीटांची कॅनव्हासची कव्हरं त्यांनीच शिवली. त्यांच्या मशीनच्या चार सुया मोडल्या. शेवटची शिवण घालून झाल्यावर त्या गुपचूप जाऊन ड्रायव्हरशेजारी बसून आल्या. तिथून घराचं छप्पर दिसायचं, आणि पलीकडच्या गल्लीतली शाळाही. आपलं हे माणूस खुळं आहे, पण खूळ चांगलं आहे, असं त्यांना तिथं बसल्यावर वाटलं. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत, संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा मागची कमानी, म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, बसवायचं काम निघालं. पट्ट्यावर पट्टा ठेवलेली ती जड लोखंडी कमानी दोघांनी दोन दिवस खपून जागेवर नेली. गाडीचा मागचा सांगाडा जॅकवर उचललेला होता. आता जॅकचा पेच सोडायचा आणि वजन कमानीवर घ्यायचं, एवढंच उरलं होतं. वीतभर खाली यायची होती गाडी. वीतभरच.

अंगणात कॉम्प्रेसर लावला होता, डाल्याच्या फळ्यांना रंग मारायचा म्हणून. त्याची घरघर सकाळपासून चालू होती. मुरलीधररावांनी कानाचं मशीन काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं आणि सदरा दोरीवर टांगला होता. तेल लागू नये म्हणून ते नेहमीच असं करायचे. "हात धुऊन येतो," असं ते लखनला म्हणाले आणि नळाकडे निघाले. लखन गाडीच्या पलीकडच्या अंगाला जॅकपाशी बसला. मुरलीधररावांना मध्येच काही आठवलं असावं. एखादी पिन राहिली असेल, एखादा नट आवळायचा असेल. ते अर्ध्या वाटेतून परतले आणि अलीकडच्या बाजूनं पुन्हा गाडीखाली शिरले. लखनला ते दिसलं नाही.

बेबीताई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर आल्या, तेव्हा त्यांना गाडीखालून बाहेर आलेली नवऱ्याची पावलं दिसली, मळकी, एका टाचेला भेग पडलेली. पलीकडून लखनचा आवाज आला, "खाली?"

चहाला बोलवायचं म्हणून विचारून राहिले, असं बेबीताईंना वाटलं. त्यांनी ओरडून सांगितलं, "हो, खाली हैत!"

आणि गाडी वीतभर खाली आली.

पुढचं सांगण्यासारखं नाही. हॉस्पिटलात न्यायलासुद्धा काही उरलं नव्हतं. पोलीस आले, विचारपूस झाली. लखननं कुणी विचारायच्या आधीच सांगितलं, "गलती मेरी है. मैंने देखा नहीं." पोलिसांनी तेच लिहून घेतलं. बेबीताई तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सुशांत रात्रीतून इंदूरहून आला, आणि त्याच्या गळ्यात पडून त्या पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "मी सांगितलं होतं रे त्यांना, खाली हैत म्हणून. तरी जॅक सोडला."

सुशांत जबलपुरातच वाढलेला. मराठी त्याला सगळी कळते, आईशी तो ती हिंदी मिसळून बोलतोही, पण बाहेर तोंडात हिंदीच येते. ग्वारीघाटावर, चिता पेटल्यावर, तो लखनसमोर जाऊन उभा राहिला. "अंकल, माँ ने बताया था ना आपको कि बाबा नीचे हैं? फिर भी?"

लखननं एकदा मागे वळून पाहिलं, जणू बेबीताई तिथं असतील. बायका घाटावर आल्या नव्हत्या. मग मान खाली घालून म्हणाला, "हाँ बेटा. गलती मेरी है."

सुशांत रीतसर तक्रार करायला निघाला होता; बेबीताईंनी नको म्हटलं. कोर्टात जाऊन ते सगळं पुन्हा पुन्हा ऐकायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. पण तेराव्याला लखन फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. तो तासभर उन्हात उभा होता म्हणे. मग गेला, आणि पुन्हा आला नाही.

बेबीताईंचा राग हा काही आदळआपट करणारा राग नव्हता. त्या वेळेवर उठत, देवाचं करत, जेवत. पण दिवसातून एकदा तरी, भाकरी थापताना किंवा केस विंचरताना, त्यांना ते सगळं पुन्हा दिसायचं, आणि त्या स्वतःशी म्हणायच्या, सांगितलं होतं की! सांगूनही ज्यानं हात हलवला, त्याला माफी कुठली? चाळीस वर्षं ज्याला जेवू घातलं, दरवर्षी दिवाळीला ओवाळलं, त्यानं आपल्या सांगण्याकडे कान दिला नाही. कॉलनीत आणि कारखान्याच्या जुन्या लोकांत लखनचं नाव खराब झालं ते झालंच. कोणी म्हणे, म्हाताऱ्याला दिसत नाही. कोणी म्हणे, गाडीवरून दोघांत आधीच काही बिनसलं होतं. बेबीताईंच्या कानावर हे यायचं आणि त्या गप्प राहायच्या. त्या गप्प राहिल्या याचा पुढे त्यांना फार त्रास झाला.

दोन वर्षं गाडी तशीच अंगणात उभी होती. अर्धी हिरवी, अर्धी गंजलेली. बेबीताईंनी त्या बाजूची खिडकी उघडणं सोडलं होतं. शेवटी गेल्या हिवाळ्यात सुशांत म्हणाला, "आई, बस हुआ. तू इंदूरला चल, आणि हे भंगार उचलायला सांगतो मी." इंदूरचं त्यांनी बघू म्हटलं, भंगाराला हो म्हटलं. रिछाईचा माणूस सोमवारी येणार, असं ठरलं.

शुक्रवारी दुपारी सलोनी आली. लखनची मुलगी, शाळेत शिकवणारी. लहानपणी या घरात हक्कानं श्रीखंड मागून खाल्लेली. आज ती पायरीच्या खालीच उभी राहिली, हातातली जड पिशवी तिनं जमिनीवर टेकवली. आत गाडीचा डायनॅमो होता आणि स्पीडोमीटर, दोन्ही घासूनपुसून लखलखीत केलेले. लखन दुरुस्तीला म्हणून घरी घेऊन गेला होता आणि ते तिकडेच राहिले होते.

"पापा ने भेजा है," सलोनी म्हणाली. "सुना, गाड़ी कबाड़ में जा रही है. बोले, जाए तो पूरी जाए."

बेबीताईंनी पिशवीकडे पाहिलं आणि म्हटलं, "ठेव तिथं."

एवढ्यावर ती गेली असती. पण दोन वर्षं लोकांचं बोलणं तिनं ऐकून घेतलं होतं. पापांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, ती म्हणाली. डॉक्टर आता महिन्यांत नाही, आठवड्यांत बोलतात. आणि मला त्यांनी शपथ घातली आहे, पण मी आज मोडणार. ती रागानं बोलत होती. तिनं जे सांगितलं ते असं. कारखान्याच्या त्या शॉपमध्ये एक शिस्त होती. क्रेनवरून, जॅकवरून, कशावरूनही वजन उतरवायचं तर आधी ओरडून विचारायचं, 'खाली?' म्हणजे जागा मोकळी आहे ना? समोरून 'खाली है' असं उत्तर कानावर पडेपर्यंत हात हलवायचा नाही. उभा जन्म त्या दोघांनी असंच काम केलं. त्या दिवशीही पापांनी विचारलं होतं.

"और आपने कहा, खाली है," सलोनी म्हणाली. "पापा ने अपने कान से सुना. दो साल से लोग उनको क्या-क्या बोल रहे हैं, और वो सुनते रहे. अब एक ही बात बोलते हैं, भाभीजी से भूल हो गई, पर उनको कभी पता नहीं चलना चाहिए. पता चला तो जी नहीं पाएँगी. मम्मी को और मुझे भी अभी बताया, बीमारी में. आपको बचाने के लिए वो खूनी बन के बैठे हैं, आंटी."

"खोटं आहे हे," बेबीताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी असं म्हटलंच नाही. जा तू."

सलोनी गेली. बेबीताई आत येऊन स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी मटार सोलायला घेतले. संतापानं शेंगा हातात चुरडत होत्या. आपण काय म्हटलं ते आपल्याला ठाऊक नाही? हजार वेळा आठवलंय ते. खोटारडे मेले. मी तर साफ सांगितलं होतं बापा, त्या मोठ्यानं म्हणाल्या, खाली हैत, खाली हैत—

आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. मग थोडं लांबून ओरडावं तसं. मग तोंडावर पदर धरून, जसं काही मध्ये कॉम्प्रेसर चालू आहे. आर्वीकडे बोलताना 'आहेत'चं 'हैत' होतं. बेबीताई जन्मभर तसंच बोलल्या. नवऱ्याला अरेतुरे करायची रीत नव्हती, म्हणून मानाचं बोलायचं, म्हणून शेवटी तो त. तो त आवाजात विरला तर मागे काय उरतं?

खाली है.

त्यांनी मराठीत सांगितलं होतं की नवरा गाडीखाली आहे. लखननं हिंदीत ऐकलं की जागा मोकळी आहे. आणि त्याच्या 'खाली?'चाही त्यांनी मराठीत भलताच अर्थ घेतला होता. दोघांनी एकमेकांना नीट विचारलं, नीट सांगितलं, आणि मुरलीधरराव गेले. घाटावर सुशांतनं आईचं वाक्य जसंच्या तसं उच्चारलं असतं तर कदाचित तिथंच उलगडलं असतं. पण त्यानं ते हिंदीत केलं, 'नीचे हैं' म्हणाला, आणि 'खाली' हा शब्द झाकला गेला तो गेलाच.

बेबीताई मटाराच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसल्या आणि खूप रडल्या. नवरा गेला तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या, कारण तेव्हा रागाचा आधार होता. आता राग करायला कोणी उरलं नव्हतं. ज्याला दोन वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं, तो दोन वर्षं आपल्याला पाठीशी घालत होता, आणि तेही आपण न केलेल्या चुकीसाठी. हे काय होऊन बसलं, देवा, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ई-रिक्षा केली आणि चेरीतालला निघाल्या. रस्त्यावर दोन्ही बाजूंना मटाराचे ढीग होते, ऊन कोवळं होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या जिवाला थोडं हलकं वाटत होतं. काय सांगायचं ते त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं. भाऊजी, तुमची चूक नाही, माझीही नाही. एका अक्षरानं घात केला. हे ऐकलं की तेही सुटतील, आपणही सुटू. सुशांतलाही सांगू. लोकांनाही सांगू.

लखन अंगणात खाटेवर उन्हाला पडला होता. पाय सुजलेले, तोंड एवढंसं झालेलं. बेबीताईंना बघून तो उठायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. त्यानं पडल्यापडल्या हात जोडले. बेबीताई खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. मग बेबीताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात लखनच आधी बोलला.

"भाभीजी, एक बात पूछूँ? किसी से पूछी नहीं. आपसे भी नहीं पूछता, पर अब टाइम नहीं है."

"विचारा ना."

"उस दिन मैंने 'खाली?' पूछा था. जवाब आया था, और मैंने 'खाली है' सुना. इतने दिन यही पकड़ के बैठा था कि बिना पूछे, बिना सुने हाथ नहीं हिलाया." त्याला धाप लागली. "पर इधर रात-दिन एक ही बात घूमती है. सुशांत बोला था, आपने कहा कि नीचे हैं. अगर आपने वही कहा हो, तो... तो मेरे कान ने भैया को मारा. सारी जिंदगी इसी कान की रोटी खाई मैंने. भैया इसी कान के भरोसे रहते थे." त्यानं मान वळवून उजवा कान बेबीताईंकडे केला. "सच बताइए. आपने क्या कहा था? मैंने ठीक सुना था न?"

बेबीताईंच्या ओठांवर ते होतं. खाली हैत. नुसतं उच्चारायचं होतं. पण त्यांच्या ध्यानात आलं, की वाटेत जुळवलेलं ते सगळं फक्त त्यांनाच सोडवणारं होतं. या माणसाला त्यातून एवढंच ऐकू येणार, की शेवटी एक अक्षर होतं आणि ते तुझ्या कानाला लागलं नाही. घात अक्षरानं केला की कानानं, हा फरक त्याला समजावून सांगायला आयुष्य लागलं असतं. त्याच्यापाशी आठवडे होते.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा बेबीताई त्याच्याशी हिंदीत बोलल्या, एकेक शब्द सुटा करून, त्याला नीट ऐकू जावं म्हणून.

"आपने ठीक सुना था, भाऊजी. मैंने 'खाली है' ही कहा था. मुझे लगा, वो नल पर गए हैं."

लखननं डोळे मिटले. त्याच्या छातीतून मोठा श्वास बाहेर आला आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "तो कान ठीक था," तो म्हणाला. मग त्यानं हात उचलून बेबीताईंच्या मनगटावर ठेवला. "आप मन पे मत लेना, भाभीजी. भूल थी. किसी से भी हो जाती है. मैंने तो कब का माफ कर दिया. भैया ने भी किया होगा."

"हो," बेबीताई म्हणाल्या. आणि न केलेल्या अपराधाची ती माफी त्यांनी मान लववून घेतली.

सलोनी चहाचे ग्लास घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती चहा स्टुलाशी ठेवून आत निघून गेली. बेबीताई निघाल्या तेव्हा तिनं नमस्कार केला तो दुरून.

सोमवारी रिछाईची माणसं आली आणि शक्तिमान घेऊन गेली, डायनॅमो आणि स्पीडोमीटर बसवून, पूर्ण. त्याच संध्याकाळी सुशांतचा फोन आला. सलोनीनं त्याला कळवलं होतं. कळवणारच, बापाच्या नावावरचा डाग तिला धुऊन काढायचा होता, आणि ते बरोबरच होतं.

"आई, ये सच है क्या? तू 'खाली है' बोलली होतीस?"

"हो."

"पण तू तर मला बोलली होतीस की तू त्यांना सांगितलं होतं. मी घाटावर, सगळ्यांसमोर, अंकलना..."

"चुकलं माझं," बेबीताई म्हणाल्या. "घाबरून गेली होती मी. चुकलं."

बेबीताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. त्यानं रागवावं, ओरडावं, काहीही म्हणावं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

लखनभाऊजी माघ सरायच्या आत गेले. शेवटपर्यंत शांत होते, असं कुणीतरी सांगितलं. तेरवीला कारखान्याचे जुने लोक जमले होते. लखनच्या कानानं चुकीचं ऐकणं शक्यच नव्हतं, आम्ही तेव्हाच म्हणत होतो, असं ते एकमेकांना सांगत होते, आणि बेबीताई बायकांत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी त्यांच्याकडे बघत होतं, कुणी मुद्दाम बघत नव्हतं. आता खरं सांगायला हरकत नव्हती. ज्याच्यासाठी लपवलं तो गेला होता. पण फोटोपाशी बसलेली सलोनी मान ताठ करून लोकांचे नमस्कार घेत होती, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि बेबीताईंना ते मोडवेना. त्यांनी फोटोला फूल वाहिलं आणि घरी आल्या.

पूर्वी सुशांत रोज संध्याकाळी फोन करायचा. आता रविवारी करतो. इंदूरला ये, असं म्हणत नाही. तब्येत कशी आहे, एवढंच विचारतो, आणि बेबीताई सांगतात, बरी आहे.